टाकीच्या पोटातला अंधार

दिनकररावांनी टाकी आधी बांधली आणि ती कशी बांधावी हे कॉम्प्युटरला मागाहून विचारायला लावलं. गंगम्माच्या रागाचं मूळ इथं होतं. पुढं त्याला फांद्या फुटत गेल्या, तो भाग वेगळा.

परभणी मागं टाकून पोखर्णीच्या रस्त्याला लागलं की उजव्या हाताला शेवाळ संशोधन केंद्र होतं. नामांतराची वर्षं ती. आज इथं बंद, उद्या तिथं बंद, एसटी डेपोतून हलायचं नाव घेत नसे. केंद्रातलं शेवाळ तेवढं कुणाचा बंद पाळत नव्हतं. उथळ हौदांतून ते आपलं वाढत राहायचं. ते वाळवून भुकटी करायची, आधी कोंबड्यांना चारायची, मग गुरांना, आणि कुणी तक्रार केली नाही तर पुढं माणसांनाही, असा एकंदर बेत होता.

दिनकरराव केंद्राचे संचालक. त्यांना हौद आवडत नसत. हौदाशेजारी फोटो काढला की माणूस नाल्याकाठी उभा असल्यासारखा दिसतो, हे त्यांचं दुखणं. म्हणून त्यांनी काचेची गोल टाकी उभी केली. केवढी? तर पूर्णेच्या यार्डातलं एखादं वाफेचं इंजिन तिच्यात सहज मावलं असतं आणि वर ड्रायव्हरला पाय पसरून झोपायला जागा उरली असती. काचा बसवताना दोन मिस्त्री आत उतरले, ते थेट जेवणाच्या सुट्टीतच एकमेकांना सापडले, असं डिझेल इंजनवाला आश्रुबा गळ्याला हात लावून सांगायचा. टाकीला दिनकररावांनी आपल्या आईचं नाव दिलं, कस्तुराबाई. कस्तुराबाई स्वतः काडीसारख्या होत्या. टाकी मुलावर गेली होती.

अशाच टाक्या जिल्ह्यातल्या गावोगावी उभ्या करायच्या होत्या. मंजुरी दिल्लीची. आणि दिल्लीवाल्यांनी एक अट घातली : टाकीत पाणी कसं फिरतं आणि उजेड कुठवर पोचतो, ते कॉम्प्युटरकडून तपासून त्याचं चित्र दाखवा.

केंद्रात कॉम्प्युटरशी बोलणारं माणूस एकच, गंगम्मा. पूर्णेच्या रेल्वे गार्डाची मुलगी. गळ्यात लिंग, पायांत कॅनव्हासचे बूट, पदार्थविज्ञान शिकलेली, आणि खोटं ऐकलं की कानाच्या पाळ्या लाल होणारी.

“साहेब, टाकी फार जाड झाली,” ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

“जाड म्हणजे? माझ्या आईला जाड म्हणता?”

“टाकीला म्हणते. उजेड आत जाणार नाही.”

“अहो, काच आहे ती! काचेतून उजेड आरपार जातो. हे शाळेत शिकवत नाहीत का आता?”

“काचेतून जातो, पाण्यातूनही जातो. शेवाळातून नाही जात. चार बोटं आत गेला की संपला.”

“मग पाणी ढवळू. तळाला पंप लावलाय की. आतलं बाहेर, बाहेरचं आत. प्रश्न मिटला.”

प्रश्न तिथंच तर सुरू होत होता. गंगम्माने तो त्यांना पोखर्णीच्या नरसिंहाच्या देवळाचा दाखला देऊन सांगितला होता. यात्रेत गाभाऱ्यापुढं गर्दी दाटते. दारातल्याला दर्शन होतं, मागच्याला पुढच्याची पाठ दिसते. गर्दी सरकत राहिली तर मागचा कधीतरी दारात येतो. पण गर्दीच्या मधोमध एखादा घोळका असा असतो, की तो आपल्याच भोवती गोल गोल फिरतो. पाय चालतात, घाम येतो, आणि दर्शन शेवटपर्यंत होत नाही. शेवाळाचा कणही असाच. त्याला क्षणभर उजेडाचं दर्शन लागतं, मग क्षणभर अंधारात तो दम खातो, पुन्हा उजेड. पंपाने पाणी फिरतंय एवढ्याने भागत नाही. प्रत्येक कण काचेपाशी येतो का, आणि दम संपायच्या आत येतो का, ते बघावं लागतं.

ते बघायला टाकी फोडून चालत नाही, आणि आत माणूस सोडला तरी त्याला काही दिसत नाही. म्हणून तिने ती टाकी कॉम्प्युटरच्या पोटात उभी केली होती. सबंध पाण्याचे बारीक बारीक चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात पाणी कुठल्या बाजूला धावतं ते काढायचं, शेजारच्या चौकोनाने किती उजेड खाल्ला आणि ह्याच्या वाट्याला किती उरला ते काढायचं, आणि मग त्या पाण्यात शेवाळाचे कण सोडून एकेकाच्या मागं हिंडायचं. माणसाने पाटीवर हे गणित मांडलं असतं तर त्याच्या नातवाच्या नातवाला उत्तर मिळालं असतं. कॉम्प्युटर नऊ दिवस घेणार होता. फक्त एक होतं, मध्ये थांबायचं नाही. मधलं उत्तर साठवून ठेवायला त्याच्या पोटात जागाच उरली नव्हती. लाईट गेली, यंत्र विझलं, की पुन्हा पहिल्यापासून.

गणित सुरू केलं तो दिवस नेमका घटस्थापनेचा निघाला. गंगम्माने मुहूर्त बघितला नव्हता. मुहूर्तानेच तिला गाठलं.

कॉम्प्युटरची खोली म्हणजे केंद्रातली एकमेव थंडगार जागा. धूळ चालत नाही म्हणून चपला बाहेर. आत इतका गारठा, की भिंतीवरची पाल खोकायची. चपला बाहेर आणि आत शांतता, म्हणून केंद्रातली माणसं दारापुढून जाताना नकळत हात जोडत. हौदावर काम करणारी दगडाबाई तर उंबऱ्याला हात लावूनच झाडायला आत शिरायची. त्या दिवशी ती शिरली ती टोपली घेऊन. टोपलीत काळी माती, मातीत धान, वर मातीचा घट.

“ताई, एक बोलू का? रागं भरू नका.”

“बोला.”

“घरी उंदरं लय झालेत. दोन वर्सं झाली, धान वर आलं की शेंडे कुरतडायलेत. सासू म्हनायली, तुझ्या पायगुणानं देवी कोपली. इथं कोपऱ्यात बसवते घट. हितं उंदीर थंडीनंच मरंल.”

गंगम्माला हसू आलं. “बसवा. पण तेलाचा दिवा नको. काजळी यंत्रात जाते.”

दगडाबाईचं तोंड उतरलं. “बिनदिव्याचा घट? असं कुटं असतंय का? नंदादीप पायजेच, आन त्यो घट उठंस्तोवर इझायचा न्हाई.”

गंगम्माला पुढचे आकडे भरायची घाई होती. तिने यंत्राच्या कपाळावरच्या हिरव्या दिव्याकडं बोट केलं. “हा बघा. हा पण अखंड आहे. मी ह्याला विझू देणार नाही. हाच तुमचा नंदादीप समजा.”

ती गमतीत बोलली. दगडाबाईने मात्र पदर डोक्यावर घेतला, त्या हिरव्या दिव्याला हळदकुंकू वाहायला निघाली, आणि गंगम्माने हात धरला म्हणून लांबूनच अक्षता टाकल्या. एक अक्षता फटीतून आत गेली. यंत्राने ती गोड मानून घेतली.

मग रोज एक माळ. झेंडूची, तरवडाची, एक दिवस फुलं मिळाली नाहीत तर चक्क विड्याच्या पानांची. लाईट जायची तेव्हा बॅटरीचा डबा टिटवीसारखा ओरडायचा, आश्रुबा धोतर सावरत पळायचा आणि डिझेल इंजनाला हँडल मारायचा. डबा दमायच्या आत इंजन धडधडलं पाहिजे, एवढाच खेळ. एकदा डिझेल संपलं तर आश्रुबाने इंजनात करडीचं तेल ओतलं, आणि गावभर भजी तळल्याचा वास सुटून केंद्राच्या फाटकाशी माणसं पत्रावळी घेऊन उभी राहिली. आश्रुबाचं हे बोलणं निम्मं सोडून दिलं तरी यंत्र विझलं नाही, हे खरं.

सातव्या माळेला बन्सीधर पेंटर आला. भिंतीवर घोषणा रंगवायचं काम त्याचं, आणि हुकूम आला की त्या पुसायचंही त्याचंच. त्याच्या बैलगाडीत सिनेमाच्या पोस्टराएवढी फळी होती. गंगम्मा ती बघायला बाहेर आली आणि जागच्या जागी उभी राहिली.

फळीवर कस्तुराबाई टाकी रंगवली होती, उभी कापलेली. काठापासून काठापर्यंत हिरवीगार, जणू पोपटांचा थवाच आत कोंबलाय. वर झुपकेदार अक्षरांत ‘कॉम्प्युटरने काढलेले चित्र’. खाली पिवळ्या रंगात ‘गणित :’ आणि पुढं जागा मोकळी.

“ताई, तुमचं नाव कसं लिहू? गंगम्मा का गंगाम्मा?” बन्सीधरने अदबीने विचारलं.

“हे चित्र तुम्हाला कुणी दिलं?”

“सायबानं. म्हनले, हिरवा रंग सढळ हातानं वापर.”

कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती तशीच दिनकररावांच्या खोलीत शिरली.

“साहेब, उत्तर यायला अजून दोन दिवस आहेत. आणि तुमचं चित्र रंगवून आलंसुद्धा?”

“अहो, पाहुणे नवमीला येणार. तयारी नको का?”

“पण हे कॉम्प्युटरने काढलेलं नाही!”

“कॉम्प्युटर काढणारच आहे ना? मग? लग्नाच्या पत्रिका लग्नाआधीच छापतात.”

“आणि नवरीच निघाली नाही तर? साहेब, मधे काळं येणार. मला अंदाज आहे. त्या टाकीच्या पोटात शेवाळ मरणार, कुजणार. एक टाकी कुजली तर तुमची हौस म्हणू. गावागावांत कुजल्या तर लोक शेवाळाचं नाव काढू देणार नाहीत.”

“काळं आलं तर रंग बदला. तुमच्याच हातात आहे. काळ्याऐवजी हिरवा नंबर टाका.”

“म्हणजे अंधाराला हिरवं म्हणू?”

“म्हणायला काय जातं?”

“माझं नाव जातं! त्या फळीवर माझं नाव लिहायचं नाही.”

“तुमचं नसेल तर कुणाचं? दिल्लीवाले विचारतील, गणित कुणी केलं. नाव पाहिजेच.” दिनकररावांनी बुटाची नाडी आवळली. त्यांच्या बुटांना इतक्या नाड्या होत्या की कॉम्प्युटरच्या खोलीत ते कधी गेलेच नव्हते. “आणि ऐका. नवमीला खंडेनवमी. केंद्रातली सगळी यंत्रं बंद, पूजा, विश्रांती. पंप बंद, इंजन बंद, जीप बंद. तुमचा कॉम्प्युटरही बंद. रीत आहे.”

गंगम्माला डाव कळला. उत्तर नवमीच्या दुपारी यायचं होतं. यंत्र सकाळी बंद केलं की उत्तर नाही, आणि उत्तर नाही म्हणजे बन्सीधरची फळी हेच उत्तर. इतक्या दिवसांचं गणित एका नारळाखाली फोडायचं! तिला रडू येत नव्हतं. तिला त्या फळीला लाथ घालावीशी वाटत होती.

नवमीला अंगणात मांडव पडला. पंपाला हार, जीपला हार, इंजनाच्या डोक्यावर नारळ. फळी मांडवात उभी, वर पडदा. ‘गणित :’ पुढं बन्सीधरने साहेबाच्या हुकमाने गंगम्माचं नाव लिहून टाकलं होतं. दिनकरराव हातात हळदकुंकवाचं ताट घेऊन कॉम्प्युटरच्या दाराशी आले. प्रथमच. नाड्या सोडायला त्यांना इतका वेळ लागला, की तेवढ्यात दगडाबाई उंबऱ्यात येऊन बसली.

“सरक. बटण बंद करायचंय.”

“कशाचं?”

“यंत्राचं. आज यंत्राला विश्रांती.”

दगडाबाई उठली नाही. “सायब, घट अजून उठला न्हाई. उद्या दसरा. उद्या उठंल. त्याआदी नंदादीप मालवायचा?”

“कुठला नंदादीप?”

“त्यो काय हिरवा.”

दिनकररावांनी आत डोकावलं. कोपऱ्यात घट, घटावर माळा, टोपलीत हातभर वाढलेलं धान. त्यांनी ताट खाली ठेवलं. “गंगम्मा! हा काय प्रकार आहे? विज्ञानाच्या खोलीत घट?”

“तुम्ही विज्ञानाच्या खोलीत ताट घेऊन आलात ना साहेब,” गंगम्मा म्हणाली. “तोच प्रकार.”

“दगडाबाई, तो दिवा नाही. तो बल्ब आहे.”

“मंग तुमच्या आईच्या घटाला बसवा बल्ब आन मालवा नवमीला!” दगडाबाईचा आवाज चढला. हौदावरच्या बाया हातातलं काम टाकून धावल्या. “बायांनो, बघा गं! देवीचा दिवा इझवायलाय ह्यो! ह्याच्या घरात न्हाई का घट?”

बायांनी दार भरून टाकलं. एक म्हातारी तर दिनकररावांच्या सुटलेल्या बुटावरच बसली. दिनकरराव एका बुटाने मागं सरले, पण मिशीत हसले. “बसा. लाईट जायची वेळ झालीच आहे. आणि इंजनाची पूजा झालेली आहे. पूजेतलं इंजन आज कोण सुरू करतो तेच बघतो.”

लाईट गेली. जणू त्यांच्याशी बोलून ठेवलं होतं. बॅटरीचा डबा टिटवीसारखा ओरडायला लागला. गंगम्मा पळत इंजनाशी गेली. आश्रुबा हार घातलेल्या इंजनापुढं हात चोळत उभा होता.

“आश्रुबा, हँडल मारा!”

“ताई, खंडेनवमी हाय. आज चाकाला हात लावला तर वर्सभर हात मोडून पडंल म्हनत्यात.”

“अन् दिवा इझला तर?” मागून दगडाबाई गरजली. “कुनाचा हात मोडंल? यंत्र म्हंजी देवीचं चाकर. धनीन जागी आन चाकर झोपलंय?”

आश्रुबाने इंजनाकडं पाहिलं, दगडाबाईकडं पाहिलं. दोघांत जास्त धोका कुठला, ते त्याला लगेच कळलं. त्याने नारळ उचलून काखेत मारला, इंजनाच्या पाया पडला आणि हँडल फिरवलं. तीन वेळा ते फुसफुसलं. डब्याचं ओरडणं बारीक झालं, आता शेवटचा श्वास. मग इंजन असं काही धडाडलं की त्याच्या गळ्यातला हार उडाला आणि फाटकातून आत येणाऱ्या दिल्लीच्या पाहुण्यांच्या गळ्यात जाऊन पडला. पाहुण्यांना वाटलं, परभणीत स्वागत असंच करतात. त्यांनी वाकून नमस्कार केला.

पाहुणे म्हातारे होते, जाड चष्मा, हातात काठी. दिनकरराव त्यांना मांडवाकडं ओढत होते. “पहले चित्र देखिए साब.” पण पाहुण्यांना दाराशी बसलेल्या बाया दिसल्या.

“ये सब यहाँ क्यों बैठी हैं?”

दगडाबाईने पदर सावरला. निजामाच्या वेळची हिंदी तिला येत होती. “साब, वो दिवा बुझाव बोलते. हमना बोल्या, नक्को!”

पाहुण्यांनी चपला काढल्या आणि आत गेले. पडद्यावर नुसते आकडे सरकत होते. गंगम्माने त्यांना स्टूल दिलं. दिनकरराव आत यायला बघत होते, पण त्यांचा एक बूट म्हातारीखाली होता आणि दुसरा सुटत नव्हता.

आकडे थांबले. पडदा क्षणभर कोरा झाला. मग एकेक रेघ उमटत टाकी उभी राहिली. काचेलगत हिरवी पट्टी, विड्याच्या पानासारखी नाजूक. तिच्या आत पिवळट. आणि मधे, टाकीचं सगळं पोटच्या पोट, काळं. काळ्यात पांढऱ्या बारीक रेघा गोल फिरत होत्या, स्वतःभोवती. एकही बाहेर येत नव्हती.

“बीच में ये काला?”

“अंधेरा है सर. पानी घूमता है, पर वहीं का वहीं. जो अंदर है वो अंदर ही मरेगा.” बोलता बोलता तिचा आवाज फाटला. तो भीतीने नाही. “और बाहर बोर्ड पे मेरे नाम के ऊपर सब हरा रंगा है!”

“अहो, स्क्रीन खराब आहे!” दारातून दिनकरराव ओरडले. “सर, स्क्रीन का रंग गया है!”

दगडाबाईला चित्रातलं काही कळलं नव्हतं, पण साहेब चुकलाय एवढं कळायला चित्र लागत नव्हतं. तिने टोपली पुढं सरकवली. गंगम्माचं लक्ष धानाकडं गेलं. खिडकी नसलेल्या कोपऱ्यात वाढलेलं, हळदीसारखं पिवळंधमक. तिने एक काडी उपटून दारातल्या दिनकररावांपुढं धरली.

“साहेब, ह्याचा स्क्रीन कुठाय? अंधारात वाढलं, पिवळं पडलं. तुमच्याही देव्हाऱ्यात असंच पिवळं पडतं, दरवर्षी टोपीत खोचता. ह्याला निदान खाली दाणा आहे खायला. शेवाळाला तोही नाही.”

पाहुण्यांनी चष्मा पुसला. “बोर्ड का फोटो दिल्ली जाएगा,” ते म्हणाले. “जैसा होगा, वैसा जाएगा.” आणि पुरणाच्या वासाने ते मांडवाकडं निघाले.

गंगम्मा त्यांच्या पुढं गेली. बन्सीधरचे डबे फळीखालीच होते. तिने पडदा ओढून टाकला, काळ्या रंगात मोठा ब्रश बुडवला आणि टाकीच्या पोटावर ओढला.

“ताई! अवं ताई! दोन दिस घासलंय मी त्याला!” बन्सीधर कळवळला.

“काठाला हिरवं ठेवते. तेवढं तुमचं खरं आहे.”

काळा रंग खाली ओघळून तिच्या नावापाशी आला. तिने बोटाने तो अडवला. नाव राहू दिलं. आता त्या चित्राखाली ते राहायला हरकत नव्हती. फोटोवाल्याने फोटो काढला. त्यात दिनकररावांच्या एका पायात बूट नाही.

गावोगावच्या टाक्यांची मंजुरी आली नाही. कस्तुराबाई टाकी मात्र दिनकररावांनी हट्टाने भरली. ती अशी कुजली की पूर्णेला गाडी थांबली तरी डब्यातली माणसं खिडक्या उघडेनात, आणि पालमच्या बाजारात एकमेकांच्या मालावर संशय घेऊन भांडणं लागली. चूक कुणाची, तर दिनकररावांच्या अहवालात ती दगडाबाईच्या घटाची. त्या ओळीवरून गंगम्माच्या कानाच्या पाळ्या पुढं कित्येक वर्षं लाल होत राहिल्या.

पण ते नंतर. नवमीच्या संध्याकाळी तिने काम झालं म्हणून यंत्राच्या बटणाला हात घातला, तर दगडाबाईने तो हात धरला.

“ताई, तुमीबी? घट उद्या उठतोय.”

“अहो, उत्तर आलं! आता कशाला जाळायचं?”

“तुमीच म्हनला व्हतात, इझू देनार न्हाई.”

बोललेलं बोललं होतं. आश्रुबा शिव्या घालत डिझेल आणायला गेला. रिकामं जळण्यापेक्षा म्हणून गंगम्माने यंत्राला दुसरी टाकी दिली, सपाट, चार बोटं रुंदीची, भिंतीला टेकून उभी राहील अशी. बारीक टाकीचं गणितही बारीक. दसऱ्याच्या सकाळी दगडाबाई घट उठवायला आली तेव्हा पडद्यावर चित्र उमटून बसलं होतं. ह्या काठापासून त्या काठापर्यंत हिरवं.

दगडाबाईने धानाचा तुरा गंगम्माच्या वेणीत खोचला आणि पडद्याकडं बघत राहिली.

“हे हिरवं झालं की वो.”

“झालं.”

“एका रातीत?”

“हो.”

“मंग ह्याला हे पैलेच का न्हाई इचारलं?” दगडाबाई एकदम भडकली. “येवढी काच, येवढं पानी, आमची येवढी तरवडाची फुलं! का न्हाई इचारलं?”

गंगम्माने बटण दाबलं. हिरवा दिवा विझला. बाहेर ऊन चढत होतं आणि त्या उन्हात कस्तुराबाई टाकी लखलखत उभी होती.

“जा,” ती म्हणाली, “साहेबांना विचारा.”

आणि दगडाबाई टोपली काखेत मारून खरंच विचारायला निघाली.